खाडीतल्या छोट्या होडीचा तळ: आच्छादन कोणते घ्यावे, कसे बसवावे

पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी आणि रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या खाडीभागात अनेक घरांचे वर्ष दोन कामांत वाटलेले असते. पावसाळ्यात खारभूमीतले भात, आणि कापणी-मळणी उरकली की खाडीतली होडी. शेतीच्या माहितीत होडीच्या तळाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि खारपट्ट्यातल्या घरांत तर हे दोन धंदे कधी वेगळे नव्हतेच.

हा लेख १२ ते २० फूट लांबीच्या, वल्ह्यावर किंवा लहान इंजिनवर चालणाऱ्या, एक-दोन माणसांच्या होडीपुरता आहे. होडी लाकडी असो वा फायबरची, तिच्या तळावर पाय ठेवायला काहीतरी घालावे लागते. उघड्या फासळ्यांवर अनवाणी उभे राहून जाळे ओढता येत नाही. खाडीचा चिखल, माशांचा चिकट बुळबुळीतपणा आणि पाणी एकत्र झाले की गुळगुळीत फायबरवर पाय ठरत नाही. ओले जाळे ओढताना माणसाचा सगळा भार काठाकडे झुकलेला असतो. नेमक्या त्याच वेळी पाय सरकला तर तो माणूस पाण्यात जातो, आणि दुसरा त्याच बाजूला धावला तर होडीही कलंडते. म्हणून तळाच्या आच्छादनाकडे सजावट म्हणून पाहू नका.

आधी उघाडी, मग आच्छादन

खारबंदिस्तीला उघाडी का लागते हे तुम्हाला सांगायला नको. भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पाणी बाहेर जाते. बांध कितीही मजबूत असला तरी उघाडी तुंबली की शेतात पाणी साचते आणि पीक हातचे जाते. होडीच्या तळाचेही असेच आहे. वरून कितीही चांगले आच्छादन घाला, खालचे पाणी वाहून उपसण्याच्या जागेपर्यंत पोचत नसेल तर ते आच्छादन नुकसानच करते.

होडीत पाणी येणारच. जाळ्याबरोबर येते, वल्ह्यावरून ठिबकते, लाटेचे शिंतोडे येतात, लाकडी होडीत सांध्यांतूनही थोडे झिरपते. हे पाणी तळाच्या सर्वात खोल भागात गोळा होऊन डब्याने उपसता आले पाहिजे. त्यासाठी आडव्या फासळ्यांना खालून खाचा ठेवलेल्या असतात. अनेक होड्यांत या खाचा चिखलाने, माशांच्या खवल्यांनी आणि दोऱ्याच्या तुकड्यांनी बुजलेल्या दिसतात. नवीन आच्छादनाचा खर्च करण्याआधी त्या तारेने मोकळ्या करा.

मग एक सोपी चाचणी घ्या. होडी पाण्यात असताना, नेहमीच्या जागी माणसे बसवून, पुढच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. ते कुठे जाते, किती वेळात जाते आणि कुठे अडून राहते ते पाहा. जिथे गोळा होते ती उपसण्याची जागा, आणि तिथे आच्छादन नको, निदान झटकन उचलता येईल असा वेगळा तुकडा हवा. होडी काठावर ओढून ही चाचणी घेऊ नका. चिखलात बसलेली होडी एका बाजूला कललेली असते आणि पाणी भलतीकडेच जाते.

ओलावा आणि बुरशी

भात साठवताना आपण ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास आणतो, कारण त्याहून जास्त ओलाव्यात बुरशी धरते. लाकडालाही अशीच एक मर्यादा आहे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. होडी रोज भिजते म्हणून लाकूड कुजते, असा एक समज आहे. रोज भिजून रोज वाळणारे लाकूड बरीच वर्षे टिकते. कुजते ते वाळायला कधीच न मिळालेले लाकूड, म्हणजे सतरंजीखालचे, चिकटवलेल्या चटईखालचे, प्लास्टिकच्या कागदाखालचे.

खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडाला जास्त घातक असते, हेही ध्यानात ठेवा. मीठ बुरशीला काही प्रमाणात रोखते. जून-जुलैत उघड्यावर उताणी पडलेली, तळात पावसाचे पाणी भरलेली होडी चार महिन्यांत जितकी खराब होते तितकी खाडीत वर्षभर चालून होत नाही.

फायबरचे कवच कुजत नाही, पण फायबरच्या बऱ्याच होड्यांत तळाला बळकटी देण्यासाठी आत लाकूड किंवा प्लायवूड गाडलेले असते. आच्छादन बसवताना मारलेला एक स्क्रू त्या लाकडापर्यंत पाणी पोचवतो, आणि बाहेरून काही न दिसता आतले लाकूड भुसभुशीत होते. तळावर चालताना तो स्पंजासारखा दबू लागला की समजावे.

वजनाचा हिशेब

समजा तुमची होडी १६ फुटी आहे आणि पाय ठेवायची सपाट जागा १० फूट बाय ३ फूट, म्हणजे ३० चौरस फूट किंवा सुमारे २.८ चौरस मीटर. एवढ्या जागेवर काय घातले तर किती वजन वाढते?

६ मिमी जाडीची ईव्हीए फोमची चटई सुमारे ३ किलो भरते. १२ मिमी प्लायवूड २३-२४ किलो. सागाच्या २० मिमी जाड पट्ट्यांची फळी, खालच्या आडव्या पट्ट्यांसह, ३२ किलोच्या आसपास. ऐनाची असेल तर ४० च्या वर. १५ मिमी जाड भरीव रबरी मॅट ५० किलो. गालिचा किंवा कृत्रिम गवत कोरडे असताना हलके असते, पण ते पाणी धरते. एक चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर, म्हणजेच १ किलो. ५ मिमी पाणी धरून ठेवणारा गालिचा २.८ चौरस मीटरवर १४ किलो पाणी कायम वाहून नेतो. एवढ्या वजनाची मासळी रोज उलटी वाहण्यासारखेच हे झाले.

कोणते साहित्य?

माझे मत आधीच सांगतो. खाडीच्या कामाला लाकडी पट्ट्यांची, तुकड्यांत उचलता येणारी फळी सर्वात चांगली. पट्ट्यांमधल्या फटींतून पाणी आणि चिखल खाली जातो, फळी उचलून काठावर धुता येते, एक पट्टी मोडली तर तेवढीच बदलता येते, आणि गावच्या सुताराला हे काम जमते. लाकूड सागाचे परवडले तर उत्तम. ऐन किंवा किंजळ टिकाऊ आहे पण जड आहे. फणसही चालतो. आंबा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. ओल्यात तो लवकर कुजतो.

बांबू हा हातखर्चातला पर्याय. भरीव बांबूच्या कामट्या दोरीने विणून गुंडाळता येणारी चटई करता येते. बांबू किमान तीन वर्षांचा पक्का असावा, पाऊस संपल्यावर थंडीत तोडलेला असावा, आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला असावा. यामुळे त्यातला पिष्टमय भाग निघून जातो आणि घुण लागत नाही. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया घराच्या बांबूला उपयोगी आहे, पण होडीत ती धुऊन जाते. त्यावर पैसे घालवू नका. कामटीची बाहेरची चकचकीत बाजू ओली झाली की फार घसरते. ती जाड पॉलिश कागदाने घासून खरखरीत करा, आणि पेरांच्या धारा गोल करा. अशी चटई दोन हंगाम चालेल असे धरावे.

प्लायवूड घ्यायचे तर आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायच घ्या. त्याच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतात. फर्निचरसाठी मिळणाऱ्या साध्या प्लायचे थर खाडीच्या पाण्यात सुटू लागतात. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा हा कच्चा दुवा असतो, त्यामुळे प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करावे लागते. शिवाय सलग पत्र्यातून पाणी खाली जात नाही. म्हणून त्याला २५ मिमीची भोके पाडावीत आणि तो पूर्ण तळावर न घालता जिथे जड पेटी ठेवायची तेवढ्यापुरता वापरावा.

ईव्हीए फोमच्या चटया अलीकडे नव्या फायबर होड्यांत दिसतात. पायाला मऊ, हलक्या, पाणी न शोषणाऱ्या. गळाने हौशी मासेमारी करणाऱ्यांना त्या छान वाटतात. आपल्या कामात मात्र चिंबोरीचे आकडे, जाळ्याची शिसे, सुरी आणि पेट्रोलचे थेंब या सगळ्यांना तोंड द्यावे लागते. फोम फाटतो, आणि इंधन सांडले की चिकटवलेला गोंद सुटतो. इंजिन चालवणारा जिथे उभा राहतो किंवा पाग टाकणारा जिथे पाय रोवतो, तेवढ्या दोन-तीन चौरस फुटांवर फोम लावणे मला योग्य वाटते. संपूर्ण तळावर नाही.

गोठ्यातली रबरी मॅट होडीत घालू का, हा प्रश्न हमखास येतो, कारण ती घरात आधीच असते. पकड चांगली मिळते हे खरे. पण ६ फूट बाय ४ फुटांची, १५ मिमी जाडीची एक मॅट सुमारे ४० किलो भरते. ती तरंगत नाही, दुपारी तापून पाय भाजते, आणि खाली पाणी अडवते. गोठ्यात जनावराचे वजन आणि उतार तिला साथ देतात, होडीत दोन्ही नसतात.

न्हाणीघरात घालतात त्या भोकांच्या प्लास्टिकच्या जाळ्या हलक्या आणि स्वस्त असतात. उन्हाला टिकतील असे लिहिलेल्याच घ्या, नाहीतर एका उन्हाळ्यात त्यांचा चुरा होतो. भोके १० मिमीहून लहान नकोत, कारण बारीक भोकांत खवले आणि गाळ अडकतो. घरातले लिनोलियम, व्हिनाइल, गालिचा, कृत्रिम गवत आणि जुनी गोणपाटे होडीत आणूच नका. पहिली दोन ओली झाली की काचेसारखी घसरतात, बाकीची पाणी धरतात आणि त्यांत गळ अडकतात.

फळी कशी करावी

होडी सपाट जागेवर, लाकडी ओंडक्यांवर सरळ उभी करा. जाड पुठ्ठ्याचे तुकडे फासळ्यांवर ठेवून तळाचा आकार कापून घ्या. दोन्ही बाजू सारख्या असतील असे गृहीत धरू नका. जुन्या लाकडी होडीत त्या क्वचितच सारख्या असतात. आकारापेक्षा सगळीकडून १० मिमी कमी ठेवा, कारण ओले लाकूड रुंदीत फुगते आणि घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात अडकून बसते. ऐन वेळी पाणी उपसायला ती निघाली पाहिजे.

वरच्या उदाहरणातल्या १० बाय ३ फुटांसाठी ६० मिमी रुंद, २० मिमी जाड अशा १२ पट्ट्या लांबीच्या दिशेने घाला आणि मध्ये १२ मिमीच्या फटी ठेवा. एकूण रुंदी ८५२ मिमी होते, म्हणजे तीन फुटांत दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा राहते. फट १२ मिमीहून मोठी केली तर टाच आणि बोटे अडकतात. फार लहान केली तर चिखल जात नाही. १२० रनिंग फूट पट्ट्या आणि खालच्या सात आडव्या पट्ट्या मिळून लाकूड पावणेदोन घनफूट लागते. कापणीतली घट धरून दोन-सव्वादोन घनफूट आणा.

हे सगळे एका तुकड्यात करू नका. लांबीत तीन तुकडे करा, प्रत्येकी दहा-अकरा किलोचे, म्हणजे एका हाताने उचलता येतील. प्रत्येक तुकड्याला दोन बोटे जातील अशी गोल भोके किंवा दोरीची फासणी ठेवा. आडव्या पट्ट्या होडीच्या फासळ्यांवर टेकल्या पाहिजेत, दोन फासळ्यांमधल्या पातळ कवचावर नाही. विशेषतः फायबरच्या होडीत माणसाचे वजन कवचाच्या एकाच ठिकाणी पडत राहिले तर तिथे भेगा पडतात.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. ३१६ दर्जाचे मिळाले तर तेच घ्या. ३०४ खाऱ्या पाण्यात कालांतराने डागळतात. लोखंडी खिळे गंजून फुगतात, लाकूड काळे पडून खिळ्याभोवती ठिसूळ होते. स्क्रू खालून, आडव्या पट्टीतून वरच्या पट्टीत घाला, आधी बारीक भोक पाडून. वरून घातले तर त्यांची टोपी जाळे फाडते.

फळी होडीला कायमची ठोकू नका, पण अगदी सुटीही ठेवू नका. होडी पाण्याने भरली तर सुट्या लाकडी फळ्या तरंगून वर येतात, पायांत येतात आणि पोहणाऱ्याला लागतात. दोन्ही बाजूंना लाकडी फिरक्या बसवा, नाहीतर दोरीने बांधा. फायबरच्या तळाला भोक पाडायचे नाही. फिरकीसाठी लाकडाचा ठोकळा रेझिन आणि मॅटने आतून चिकटवून घ्या, आणि स्क्रू त्या ठोकळ्यात त्याच्या जाडीपेक्षा कमी खोल जाऊ द्या.

उंची वाढवण्याचा मोह

पाय कोरडे राहावेत म्हणून काही जण खाली चार-सहा इंचांचे ठोकळे देऊन तळ उंच करतात. हे धोक्याचे आहे. दोन माणसे आणि ओले जाळे मिळून दीडशे-पावणेदोनशे किलो वजन तेवढेच वर चढते आणि होडी सहज कलंडू लागते. त्याच वेळी काठाची उंची पायापासून कमी होते, म्हणजे गुडघ्याला टेकण मिळत नाही आणि तोल गेला की माणूस थेट बाहेर. फळी खाली फासळ्यांनाच टेकलेली हवी. पाणी फळीच्या वर येत असेल तर उपसा वाढवा किंवा गळती शोधा.

घसरण कमी करायला

पट्ट्यांना दोन-तीन हात उकळलेल्या जवसाच्या तेलाचे द्या. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा. जळके इंजिन ऑइल आणि काजूच्या टरफलाचे तेल होडीच्या आतून लावू नका. पहिल्याने फळी घसरते आणि मासळीला वास लागतो, दुसऱ्याने अनवाणी पायांची कातडी भाजते.

जास्त पकड हवी असेल तर मरीन रंगाचा पहिला हात ओला असताना त्यावर धुऊन वाळवलेली, चाळलेली नदीची वाळू भुरभुरावी, वाळल्यावर सुटी वाळू झाडावी आणि दुसरा हात द्यावा. दाणा रव्याएवढा असावा. जाड दाण्याने गुडघे सोलतात आणि जाळे झिजते. खाडीची वाळू नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे कण असतात. रंग फिका घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या तळावर एप्रिलमध्ये दुपारी पाय ठेवता येत नाही.

फोमचा तुकडा चिकटवायचा असेल तर फायबरवरचा मेणकट थर आधी अॅसिटोनने पुसा, मग पॉलिश कागदाने घासा, पुन्हा पुसा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. हे काम फेब्रुवारी ते मेमध्येच करावे, दमट हवेत गोंद धरत नाही. तुकड्याचे कोपरे गोल कापा, दोन तुकड्यांत ५ मिमी वाट ठेवा, मधून कडेकडे दाबत या आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

मासळी तळावर नको

जिताडा, बोय, कोळंबी, काहीही असो, मासळी तळावर टाकू नका. तापलेला तळ, चिखल आणि पायांखालची घाण यांनी दर उतरतो. झाकणाची पेटी ठेवा आणि मासळीइतक्याच वजनाचा बर्फ घाला. पेटी मधोमध, फळीला दोरीने बांधलेली असावी.

रोज परतल्यावर फळ्या उचला, ब्रशने घासा आणि उभ्या करून वाळवा. उताण्या ठेवू नका, खालची बाजू वाळत नाही. आठवड्यातून एकदा १० लिटर पाण्यात ३-४ ग्रॅम ब्लीचिंग पावडर विरघळवून त्याने धुवा आणि दहा मिनिटांनी साध्या पाण्याने स्वच्छ करा. स्टीलच्या स्क्रूंवर ब्लीचिंगचे पाणी तसेच राहू देऊ नका.

१ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि रोपवाटिकेची घाई सुरू होते. त्या गडबडीत होडी जशीच्या तशी सोडली जाते. त्याआधी एक दिवस काढा. फळ्या काढून घरात, हवा लागेल अशा जागी, भिंतीला टेकवून ठेवा. होडी पालथी घाला, नाहीतर वर उतार असलेले छप्पर करा, आणि बूच काढून ठेवा. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आतला ओलावा बाहेर पडत नाही. ऑगस्टमध्ये फळ्या परत बसवण्याआधी प्रत्येक पट्टी सुरीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी टोचून पाहा. टोक सहज आत गेले ती पट्टी बदला.